माणसे तोलायला धाराशिवला

येडशीच्या स्टेशनवर आमचा वजनकाटा गाडीतून उतरवायला चार हमाल लागले आणि मला उतरवायला दोन. छोट्या रेल्वेच्या डब्याची पायरी अरुंद, फलाट चांगला हातभर खाली, आणि माझा देह तुमच्यापैकी ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. हमालांनी काट्याचे पैसे घेतले, माझे घेतले नाहीत. त्या सकाळी तेवढा एकच फायदा झाला.

बार्शी सोडल्यावर रामलिंगच्या डोंगरातून गाडी वळणे घेत येते. झाडी आहे, ओढे आहेत, माकडे आहेत. लोक सांगतात की बघण्यासारखे आहे. मी मात्र सगळा रस्ता लाकडी खोक्याला मिठी मारून बसलो होतो, कारण दर वळणाला ते दाराकडे सरकत होते.

आता हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. आमच्या पुण्याच्या कचेरीत परदेशाहून एक छापील तक्ता आला. कोणत्या देशात किती माणसे लठ्ठ आहेत, याची तुलना त्यात करायची होती. बऱ्याच देशांपुढे आकडे होते आणि आपल्या देशापुढे कोरी चौकट. कोरी चौकट दिसली की आमच्या मोठ्या साहेबांना अन्न गोड लागत नाही. त्यांनी जिल्हे वाटून दिले. उस्मानाबाद जिल्हा नुकताच दोन-तीन वर्षांपूर्वी हैदराबादेकडून आपल्या राज्यात आलेला, तिकडे जायला कोणी तयार होईना. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही जा. तुम्हाला विषयाची जाण आहे." म्हणताना त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिले. कचेरी हसली.

नियम तीन होते. मतदारयादीतून साहेबांनी निवडलेलीच माणसे तोलायची, यादीबाहेरचे एकही नाही. सकाळी उपाशीपोटी तोलायचे. अंगावर कमीत कमी कपडे ठेवायचे. पुण्यात पंख्याखाली बसून हे तिन्ही नियम मला अगदी रास्त वाटले होते.

फलाटावर खोके टेकवून मी घाम पुसत होतो, तेव्हा एक बाई जवळ आली. चाळिशीची, काटक, डोक्यावर घट्ट पदर. काखेतल्या टोपलीत बांगड्यांचे मलार (दोऱ्यात ओवलेले गुच्छ) होते. मागे तिचा पदर धरून दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उभी होती. बाईने खोक्याच्या फटीला डोळा लावला.

"साहेब, तोलायचं यंत्र हाय का वो हे?"

"हो."

"माणूस तोलतंय?"

"माणूसच तोलते."

"मग माझ्या पोरीला तेवडं तोलून द्या. लई उपकार व्हतील."

तिचे नाव हाजराबी. धाराशिवचे मनियार (बांगड्या भरणारे) कुटुंब. नवरा वारलेला. आठवडी बाजार आणि गावोगावची घरे फिरून बांगड्या भरायच्या, त्यावर मायलेकींचे चाललेले. मुलगी बानू दोन वर्षांपूर्वी मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळली होती. तेव्हा हाजराबीने धाराशिवच्या दर्ग्यात नवस बोलला की पोर उठली आणि अंगाने भरली तर तिच्या भारोभार गूळ वाहीन. पोर उठली, भरली. गेल्या उरुसानंतर किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर बसवून तिला तोलली, तर एकतीस शेर. तेव्हापासून वर्षभर हाजराबी गूळ जमवत होती. तेहतीस शेर जमला होता, आणि उरूस आठ-नऊ दिवसांवर आला होता.

"मग झाले की," मी म्हटले. "दोन शेर जास्तच आहे."

"आवो पोर वाढती हाय! वरसाखाली एकतीस व्हती. आता चौतीस हाय का छत्तीस, कुणाला ठावं? दर्ग्याम्होरं तराजू टांगत्यात साहेब, सगळी दुनिया बगती. गूळ कमी पडला तर म्या तोंड कुठं लपवू? पैलं कळलं तर आटवड्यात आनिक दोन-तीन शेर करीन. दुकानवाला आता तोलू दीना. काटा वाकतो म्हनतो."

मी तिला नियम समजावून सांगितला. मुलगी यादीत नाही, मुलांचे वजन घ्यायचेच नाही, काटा सरकारी आहे. ती शांतपणे ऐकत होती. माझी नजर मुलीच्या हातांकडे गेली. बांगडीवालीची मुलगी, पण दोन्ही मनगटे मोकळी. एका हाताला तेवढा काळा दोरा होता.

"तुला (भारोभार तोलणे) झाल्याबिगर हिला काकण घालायचं न्हाय, आसं बोलल्याले म्या," हाजराबी म्हणाली. "आख्ख्या गावाचे हात दाबती, हिच्या हाताला वरीस झालं हात लावला न्हाय."

मी पुन्हा नियम सांगितला आणि काटा घेऊन मोटारीत चढलो. मोटारीच्या टपावर काटा, आत मी, आणि माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी. कोंबडीचा मालक धाराशिवपर्यंत भेटला नाही.

धाराशिवला (सरकारी कागदावर उस्मानाबाद, पण मोटारवाला ओरडतो ते धाराशिवच) डाकबंगल्यात उतरलो. स्टँडजवळच्या दुकानात खव्याचे गुलाबजाम चांगले मिळतात. चार खाल्ले, राग थोडा उतरला, आणखी दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बेंबळी. गाव मोठे, शेती चांगली, शाळू (रब्बीची ज्वारी) माणसाच्या डोक्यावर गेलेला. कोतवालाने आदल्या दिवशी दवंडी दिली होती की सरकार माणसे तोलणार आहे. मी चावडीपुढे काटा मांडून बसलो. सूर्य वर आला, चावडीवरची कुत्री उठून उन्हात जाऊन झोपली, पण माणूस म्हणून येईना. अखेर मी कोतवालाला यादीतल्या घरी पिटाळले. पहिला माणूस आला तो माघाच्या थंडीत नुसत्या लंगोटीवर, कुडकुडत. दुसराही तसाच. तिसऱ्याने डोके भादरून घेतले होते.

"अहो, धोतर नेसून या, मी वजा करीन," मी म्हणालो.

"नगं साहेब. हाय ते हाय. वजा करायची भानगड नगं."

मला वाटले, काय नियमाने वागणारे गाव आहे! यादीत एक पाटील होते. गावातले सगळ्यात भरदार गृहस्थ, असे कोतवालानेच हळूच सांगितले होते. तक्त्यातल्या 'लठ्ठ' या रकान्यात लिहायला मला निदान एक नाव हवे होते, म्हणून मी पाटलांची वाट पाहत होतो. कळले की पाटील मळ्यात जाऊन बसले आहेत आणि तीन दिवस ताकावर आहेत.

"आजारी आहेत का?"

एका म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिले आणि माझ्या कानाशी येऊन विचारले, "साहेब, शेरामागं किती पायली घेनार, ते तरी सांगा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निजामाच्या अमदानीत लेव्ही (धान्याची सक्तीची वसुली) होती. अंमलदार यायचे, धान्य तोलायचे आणि घेऊन जायचे. काटा घेऊन आलेला सरकारी माणूस काही न घेता परत गेला, असे बेंबळीने आजवर पाहिले नव्हते. यंदा लेव्ही अंगावरच्या मांसाप्रमाणे लागणार, असा गावाने हिशेब केला होता. ज्याचे वजन जास्त त्याच्या घरात दाणा जास्त. विचार अगदीच चुकीचा होता असेही म्हणवत नाही.

मी घसा कोरडा करून सांगितले की सरकार काहीही घेणार नाही. नुसते तोलणार, नुसते लिहिणार. म्हातारा काट्याभोवती फिरून आला.

"ह्याचं दुसरं पारडं कुठाय?"

"याला दुसरे पारडे नसते."

"मग आमाला कशाबरोबर तोलताय?"

"दुसऱ्या देशांतल्या लोकांबरोबर."

"ते कुठं बसल्यात?"

मी हात जोडले. म्हातारा माझ्याकडे आपादमस्तक पाहत म्हणाला, "त्यापरीस तुमीच बसा की एकीकडं. आमच्याकडचे तिघं बसवताव." चावडी हसली, कोतवालही हसला. मी वहीत डोके घातले.

त्या दिवशी बेंबळीच्या बाजारात हाजराबी भेटली. तिने पुन्हा विचारले, मी पुन्हा नाही म्हटले. ती रागावली नाही. उलट कोणाकडून तरी माझ्यासाठी ओंजळभर हुरडा मागून आणून दिला. कोवळा, गरम, वर तिखट-मीठ. मी उभ्या उभ्या संपवला. मुलीला विचारायचे मला सुचले नाही. हे मागाहून आठवले आणि अजून आठवते.

बेंबळीचे आकडे मी दोन हप्त्यांनी टपालाने पुण्याला धाडले. चार दिवसांनी डाकबंगल्यावर मोठ्या साहेबांचे पत्र येऊन पडले. पहिल्या तपशिलात लठ्ठ माणसांचा रकाना कोरा दिसतो, त्या देशांत घरोघर लठ्ठ माणसे आहेत, आपल्याकडे अजिबात नाहीत असे कसे होईल, पाहणी मन लावून करावी. मी ते पत्र दोनदा वाचले आणि उशीखाली ठेवून त्यावर झोपलो.

तेरला जायला मोटार आहे, म्हणजे असते असे लोक सांगतात. ती अर्ध्या वाटेवर थांबली आणि आम्ही ढकलली. मी ढकलू लागल्यावर ती सुटली, एवढे श्रेय मला द्यायला हवे. तेरणा नदीकाठचे हे गाव फार जुने आहे. शेत नांगरताना मणी निघतात, जुनी खापरे निघतात, आणि पोरे ती तुम्हाला दाखवायला धावत येतात. मला सावकाश बघायची इच्छा होती. पण चावडीपुढे रांग लागली होती.

होय, रांग! यादीतले सगळे हजर, आणि यादीबाहेरचे त्याच्या तिप्पट. मला भरून आले. पहिला माणूस काट्यावर चढला आणि दांड्यावरचे वजन सरकवता सरकवता माझा हात दुखला. हाडकुळा माणूस, गालफडे बसलेली, आणि काटा सांगतो की भीमाचा धाकटा भाऊ. दुसराही तसाच. तिसरा चढताना त्याच्या घोंगडीतून पाणी गळत होते. मी घोंगडी खेचली, तर कंबरेला नांगराचा फाळ बांधलेला. पहिल्या दोघांचे खिसे चाचपले, तर नदीतले गोटे निघाले.

"हे काय आहे?" मी ओरडलो.

"तोलाय आलाव," फाळवाला अगदी सरळपणे म्हणाला.

झाले होते असे. बेंबळीत मी घसा फोडून सांगितले होते की सरकार काही घेणार नाही. ते बोलणे माझ्या आधी तेरला पोचले. तेरच्या लोकांनी त्यावर विचार केला. माणूस तोलतात तो दर्ग्यात किंवा देवळात, आणि तोलला की त्याच्या भारोभार कोणीतरी काहीतरी देतो. सरकार घेणार नाही म्हणजे देणार. काही म्हणाले गहू, काही म्हणाले गूळ. जो तो सकाळी पोटभर भाकरी खाऊन, वर दोन तांबे पाणी पिऊन आला होता.

मी त्या दिवशी जे बोललो ते इथे लिहीत नाही. बेंबळी उपाशी राहून हलकी झाली आणि तेर गोटे बांधून जड झाले. या दोन्हींची बेरीज करून मी आपल्या देशाची जगाशी तुलना करणार होतो! गोटे काढायला लावून पुन्हा तोलायला सुरुवात केली, तेव्हा अर्धी रांग निघून गेली. जे राहिले ते खरोखरच्या वजनाचे होते. त्यांचे आकडे लिहिताना माझा आवाज आपोआप खाली आला. फाळवाल्याच्या अंगात फाळाशिवाय फारसे काही नव्हते.

दुपारी एका ओसरीवर हाजराबी बायकांना बांगड्या भरत बसलेली दिसली. सावली होती म्हणून मीही टेकलो. तिचे काम बघण्यासारखे. समोरच्या बाईचा हात हातात घेई, अंगठ्याच्या बुडाशी दाबून हाडे जवळ आणी, मनगटाभोवती आपली दोन बोटे एकदा फिरवी आणि टोपलीकडे न पाहता नेमका तोच मलार उचली. बांगडी हातात जाई आणि अडकत नसे की निसटत नसे.

"माप कसे कळते?" मी विचारले.

"बोटाला कळतं. आवो साहेब, तुमी इतकं लांबून यंत्र आणलाव, मला इचारायचं की! बेंबळीला सव्वादोनच्या वरचा माल म्या नेतच न्हाय, खपत न्हाय. अडीचचं माप हित्तं तेरला दोन घरांत. ह्या साली तर कितीकजनींचं माप उतरलं." मग माझ्या मनगटाकडे पाहून म्हणाली, "तुमचं माप मातूर कंपनीकडनं मागवावं लागंल." बायका पदरात तोंड घालून हसल्या.

मी हसलो नाही, कारण मला तिचा हेवा वाटत होता. साहेबांना सहा महिन्यांत जे हवे होते, ते या बाईच्या टोपलीत मांडून ठेवलेले होते.

घरची शेतकरीण बांगड्यांच्या बदल्यात सुपात ज्वारी घेऊन आली. हाजराबीने सूप परत सारले.

"ज्वारी नगं आक्का. गूळ आसंल तर द्या."

"पुन्ना गूळच? आगं वरीस झालं, ज्वारी न्हाय, तूर न्हाय, नुसता गूळ नेतीस. खाताव काय मायलेकी?"

"भागतंय आमचं. येवडा उरूस हू द्या."

शेतकरणीने आतून गुळाची भेली (छोटी ढेप) आणली. "झालं चौतीस," म्हणत हाजराबीने ती फडक्यात बांधली. बानू खांबाला टेकून बसली होती. भेली बांधून होईपर्यंत तिचे डोळे त्या फडक्यावर होते. मग तिने नजर काढून घेतली.

निघताना हाजराबीने तिसऱ्यांदा विचारले. दिवसभराचा राग माझ्या नाकावर होता. मी म्हणालो, "बाई, किती वेळा सांगू? यादीत नाही, म्हणजे नाही!"

"बरं," ती म्हणाली. "परवा उरूस हाय. या तिकडं."

धाराशिवला परतलो तर साहेबांचे दुसरे पत्र. लठ्ठ माणसांचा रकाना अद्याप कोराच, आपला निष्काळजीपणा उघड दिसतो, जिल्ह्यातील कामगिरी समाधानकारक नसल्यामुळे पुन्हा पाहणी करावी, काटा नीट चालतो ना ते तपासावे. पत्राच्या शेवटी हाताने लिहिले होते, 'निदान पाच-सहा तरी सापडतीलच.' माझे डोके फिरले. ताकावर बसलेल्या पाटलाला सोडून सगळ्या जिल्ह्यात लठ्ठ असा एकच माणूस मला सापडला होता आणि तो पुण्याचा होता.

उरुसाच्या सकाळी मी डाकबंगल्यातून निरोप पाठवून हाजराबीला बोलावून घेतले. सरळ सांगतो, दया आली म्हणून नव्हे, तर रागाने. काटा तपासा म्हणता ना, हा घ्या तपासतो. माझ्या मर्जीच्या माणसाला तोलतो.

हाजराबी आली ती नवे लुगडे नेसून. बानूला हिरवा झगा, केसांना तेल. पोर चपला काढून काट्यावर अशी अदबीने चढली, की जणू दर्ग्याचीच पायरी. मी वजन सरकवले. छत्तिसाच्या धास्तीने हाजराबीने श्वास धरला होता.

अठ्ठावन्न पौंड. मी वहीच्या कोपऱ्यात शेर केले. पुन्हा केले.

"अठ्ठावीस शेर," मी म्हणालो. "बाई, तुमचा गूळ पुरून उरतो आहे! सहा शेर जास्त!"

मला वाटले ती आनंदेल. तिने काट्याकडे बोट केले.

"खोटं हाय तुमचं यंत्र."

"खोटे नाही."

"वरसाखाली एकतीस व्हती. वाढती पोर कमी कशी भरंल? यंत्र बिगडलंय."

माझा तोल गेला. साहेब म्हणतात काटा बिघडला, आता ही म्हणते बिघडला! मी मापाची वजने आणून ठेवून दाखवली, बरोबर होती. मी स्वतः चढून दाखवले, दांडा खाडकन शेवटाला गेला, तोही बरोबर होता. ती ऐकेना. "न्हाय, न्हाय," म्हणत राहिली. मग एकदम थांबली आणि बानूकडे वळली.

"इधर ला गे हात (इकडे आण गं हात)."

वर्षभर न धरलेला हात तिने हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी दाबले. मनगटाभोवती दोन बोटे फिरवली. एकदा फिरवली की तिला पुरते, हे मी तेरला पाहिले होते. इथे तिने तीनदा फिरवली.

यंत्राशी तिने भांडण केले होते. बोटांशी करता येईना.

"ज्वारी घेतली न्हाय म्या," ती कोणाशीच बोलत नव्हती. "वरीसभर गूळ घेतला."

मी तिथेच बसलो. मला कसे कळले नाही, असे तुम्ही विचाराल. तेरच्या ओसरीवर ते शब्दन् शब्द माझ्यासमोर बोलले गेले होते. माणसांच्या अंगावरचे मांस मोजायला मी नेमलेला, आणि माझे लक्ष त्या वेळी सावलीकडे होते.

मी तिला म्हणालो की नवस पुढे ढकला, गूळ घरी न्या, पोरीला खाऊ घाला. तिने मान हलवली. "बोललेलं हाय. आज व्हनार."

दर्ग्यापुढे खेळणी, रेवड्या, पाळणे, अत्तराची दुकाने आणि सगळ्या जातीची माणसे. दाराशी कडुलिंबाच्या फांदीला मोठा तराजू टांगला होता. या तराजूला दोन पारडी होती. एका बाजूला बानू मांडी घालून बसली. दुसऱ्या बाजूला हाजराबीने पोत्यातून एकेक भेली काढून ठेवली. पांढऱ्या दाढीचे म्हातारे मुजावर (दर्ग्याचे सेवक) दोरी धरून उभे होते. त्यांनी दोरी सोडली तशी गुळाचे पारडे खाली जमिनीला टेकले आणि बानू वर अधांतरी राहिली. लोकांनी वाहवा केली. गूळ पुरला, पुरून उरला! हाजराबीचे नाव झाले.

"बस बेटी, ज़्यादा हो गया (पुरे, जास्त झाला)," मुजावर म्हणाले. "निकाल लो."

हाजराबीने गुळातून तीन शेरांची एक भेली उचलली. ती पोत्यात ठेवली नाही. पुढे होऊन तिने ती बानूच्या मांडीवर ठेवली.

पारडी हलली. वर-खाली झाली आणि समोरासमोर येऊन थांबली.

पोरीसोबत भेली तोलायची चालते का, हे कोणालाच माहीत नव्हते. मुजावरांनी मुलीकडे पाहिले, तिच्या आईकडे पाहिले. मग म्हणाले, "लड़की के पल्ले में जो है, वो लड़की का (मुलीच्या पारड्यातले ते मुलीचे). बोलो आमीन."

बानूने दोन्ही हातांनी भेली धरली होती. आईने मान हलवल्यावर तिने तिथेच, पारड्यात बसूनच, तिला दात लावले.

तबरूक म्हणून (प्रसाद म्हणून) मला गुळाचा एक मोठा खडा मिळाला. मी तो रुमालात बांधला.

परतीच्या गाडीत, रामलिंगच्या त्याच वळणांवर, खोक्याला तीच मिठी मारून, मी आकडेमोड केली. त्याशिवाय मला दुसरे काही येत नाही. चौतिसांतून तीन गेले, एकतीस. अठ्ठाविसांत तीन आले, एकतीस. गेल्या वर्षी होती तेवढी पोर हाजराबीने पुन्हा भरून दाखवली होती. हिशेब करून केले असेल, की हाताला येईल ती भेली उचलली असेल? विचारायचा धीर मला झाला नव्हता.

पुण्याला अहवाल दिला. लठ्ठ माणसांच्या रकान्यात शून्य लिहिले. शेऱ्यात लिहिले, 'यादीबाहेरची एक मुलगी तोलली. वर्षात तीन शेर उतरली.' मोठ्या साहेबांनी शून्यावर प्रश्नचिन्ह काढले आणि शेरा लाल पेन्सिलीने खोडला, कारण ती यादीत नव्हती. आता त्या छापील तक्त्यात इतर देशांच्या आकड्यांखाली आपलाही आकडा छापला जाईल आणि शहाणी माणसे तो वाचून आपल्या देशाला शाबासकी देतील. मला त्या सगळ्याचा भयंकर राग येतो, आणि सगळ्यात जास्त त्या बेंबळीच्या म्हाताऱ्याचा, कारण 'आमाला कशाबरोबर तोलताय?' या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

घरी पोचलो त्या संध्याकाळी बायकोने सामान सोडताना रुमाल उलगडला. गुळाचा खडा जसाच्या तसा होता. धाराशिव ते पुणे, दोन गाड्या बदलून. तिने खडा पाहिला, मग माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि विचारले, "बरे वाटत नाही का तुम्हाला?"